कुंपणाखालचे पाच फिंच

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंद्याने फोटोग्राफर, स्वतःच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसं ठिकाणावर नाहीत. त्याला दाखला लागत नाही, माझा खोकला गल्लीभर ऐकू जातो. यापूर्वीचं माझं कोणतंही मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि मागची डार्करूम माझ्या पुतणीला द्यावी. ती माझ्या दिवंगत थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. शाळेत शास्त्र शिकवते. मला मूलबाळ नाही. छपराचा एक कोपरा गळतो, तो मी दुरुस्त करतो करतो म्हणत राहिलो. बँकेतली शिल्लकही तिचीच.

२. दोन्ही कॅमेरे आणि लांब पल्ल्याची लेन्स, माझा स्टुडिओ आता चालवणाऱ्या बाईंना. फोटो क्लबच्या अध्यक्षांना माझा जुना स्टँड. त्याचा एक पाय आखूड आहे, पण त्यांना सगळं तिरकंच दिसतं, तेव्हा अडचण येऊ नये.

३. शेजारच्या गृहस्थांना काहीही देऊ नये. त्यांनी एका दुपारी सामाईक कुंपणाची काटेरी झुडपं मुळासकट उपटली. त्या हिवाळ्यापासून आमच्याकडे फिंच, ते चिमणीएवढे बिया टिपणारे पक्षी, उतरले नाहीत.

४. दादाने काढलेली पक्ष्यांची चित्रं पुतणीकडेच आहेत. माझ्याकडे एकच उरलं आहे: बर्फ धरलेल्या फांदीवर दाटीवाटीने बसलेले पाच फिंच. तेही तिला द्यावं. मात्र देताना पुढचं कलम तिला वाचून दाखवावं.

५. दादा पक्षी बघून काढायचा. तीस वर्षं वही घेऊन थंडीत उभा राहिला. पक्षीकोशाचं मोठं काम त्याला मिळालं, आणि शेवटचं हिवाळ्याचं पान राहिलं असताना त्याचं कमरेचं हाड मोडलं. तो अंथरुणातून म्हणाला, "तू जा. मला थंडीतले फिंच फोटोत आणून दे. ते कसे फुगून बसतात, पाय कसे धरतात, तेवढं नीट दिसू दे."

मी अकरा सकाळी वाळक्या सूर्यफुलांच्या शेताकडेला बसलो. पक्षी यायचे, पण माझी बोटं बटणावर जाईपर्यंत भुर्रकन उडायचे. दादा रोज विचारायचा, "मिळाले का रे?" मी रोज "उद्या" म्हणायचो.

बाराव्या सकाळी ते मिळाले. शेताच्या कुंपणाखाली पाच, गोठून मेलेले. हातात घेतले तर पाचांचं मिळून वजन जाणवेना. मी ते घरी आणले, बारीक तारेने फांदीला बांधले, मऊ ब्रशने पिसं फुगवली, फांदी अंगणातल्या बर्फात रोवली आणि फोटो काढला.

दादाने फोटो डोळ्यांजवळ धरला. "जिवंत होते ना?"

"म्हणजे काय? मेलेले फांदीवर बसतात का?" मी हसलो. तोही हसला.

त्या फोटोवरून त्याने चित्र काढलं. फोटोला क्लबचं बक्षीस मिळालं. दवाखान्यांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर तो अजून दिसतो. कोश छापून आला तेव्हा एका अभ्यासकाने लिहिलं, की या पक्ष्यांच्या बोटांनी फांदी धरलेलीच नाही. चित्रकाराने थंडीतला फिंच कधी पाहिलेला दिसत नाही. पुढच्या आवृत्तीतून दादाची सगळी पानं काढली. चित्र माझ्या फोटोवरून केलं, हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. मीही नाही. त्यानंतर तो सात वर्षं जगला आणि एकही पक्षी काढला नाही.

६. म्हणून, माझ्या मृत्यूनंतर त्या फोटोची निगेटिव्ह आणि या कलम पाचची नक्कल कोशाच्या प्रकाशकांना आणि क्लबला पाठवावी. बक्षिसाची ढाल परत करावी. हे सगळं वाचून पुतणीला माझं घर नको वाटलं, तर तिला ते नाकारण्याचा पूर्ण हक्क आहे.

७. इथवर लिहून झालं आणि पुतणी औषधं घेऊन आली. माझ्यामागे परक्याने वाचून दाखवण्यापेक्षा मीच वाचावं, असं वाटलं. कलम पाच वाचलं, सहाही वाचलं. ती कोटाची बटणं न काढता ऐकत होती.

मग म्हणाली, "काका, बाबांना माहीत होतं."

"कधीपासून?"

"फोटो हातात घेतला तेव्हापासून. मी विचारलं होतं, मग बोटं बरोबर का नाही काढलीत? तर म्हणाले, चित्र बरोबर काढलं की लोक शेजारी फोटो ठेवून बघणार. तो पोरगा उघडा पडेल."

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो.

"तू मला कधी बोलली नाहीस."

"त्यांनी वचन घेतलं होतं. काकाने आपणहून सांगितलं तर ऐकून घे, तू विचारू नकोस. मी एकवीस वर्षं वाट बघितली. दर रविवारी मी यायचे ते काय फक्त औषधं द्यायला?"

थोड्या वेळाने तिने कलम सहा खोडायला सांगितलं. "बाबांनी झाकलं, ते तुम्ही आता कशाला चव्हाट्यावर आणता?" मी नाही म्हटलं. त्याने झाकलं हा त्याचा मोठेपणा होता. मी तेच पांघरूण ओढून राहिलो. आता मेल्यावर उघडं करतोय, म्हणजे त्यातही भित्रेपणा आहेच; पण माझ्याच्याने एवढंच होईल. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. घराचं काय ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

कलम सहा कायम आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: (फोटोग्राफर)

साक्षीदार पहिले: माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर. सही.
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरच्या छापखान्याचे मालक. सही.
(पुतणी वारस असल्याने तिची सही घेतलेली नाही. ती सह्या होईपर्यंत दारात उभी होती.)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ जानेवारी