दुसऱ्या रकान्यातली किल्ली

४ नोव्हेंबर, सोमवार
आज तुरुंगात नव्या चौघी आल्या. एक शिवणकाम करणारी — तारीख म्हणून कोर्टात गेली आणि तिथूनच थेट आत! अंगावरच्या कपड्यांनिशी. समुपदेशनाची पहिली भेट; चौघींशी बोलता बोलता, टिपणं लिहिता लिहिता पाच वाजले. डोकं भणभणलं.

५ नोव्हेंबर
शिवणवाली बसूनच होती म्हणे, पाठ टेकली नाही. मला पाहताच, "बाई, किल्ली! शेजारच्या काकूंना किल्ली पोचवायची आहे." किल्ली गेटवर जमा. नव्या बायकांचं हे असंच — कुणाचा गॅस, कुणाचं दार. मी नेहमीचा कागद काढला. मधोमध रेघ. डावीकडे 'माझ्या हातात', उजवीकडे 'माझ्या हातात नाही'. श्वास, अंघोळ, दोन घास — डावीकडे. किल्ली मी उजवीकडे लिहायला लावली. "घर कुठे पळून जात नाही गं," म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं! मग लिहिलं.

६ नोव्हेंबर
पुन्हा किल्ली. मी पुन्हा श्वास मोजायला लावले.

७ नोव्हेंबर
आज अगदी शांत. किल्लीचं नावही नाही. मेट्रन हसली, "आमच्या ओरडण्याने जे होत नाही, ते तुमच्या कागदाने होतं, बाई!" बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.
बोर्डिंगमधला पहिला दिवस आठवला. मी सात वर्षांची, जिन्यात बसून हुंदके देत होते. मदर त्यांच्या पांढऱ्याशुभ्र झग्यानिशी माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि घरी कोण कोण आहे ते विचारत राहिल्या — थेट मांजरीपर्यंत. उपदेशाचा एक शब्द नाही. किती माया होती त्या आवाजात!

८ नोव्हेंबर
शांत कसली! आशा सोडून बसली होती. सकाळी सपाट आवाजात म्हणाली, "आता नको किल्ली, बाई. चार दिवस झाले. ताई पाण्यावाचून कशी राहील?"
थोरली बहीण. अंथरुणाला खिळलेली. संध्याकाळी परतायचंच आहे म्हणून हिने बाहेरून कुलूप लावलेलं!
मी धावत ऑफिसात गेले. एक फोन — दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं. धुगधुगी होती. दवाखान्यात नेलंय.

९ नोव्हेंबर
तिची ताई सकाळी गेली.
सांगायला मीच गेले. शिवणवालीने ना माझा हात धरला, ना झटकला.
जेलरबाई म्हणाल्या, "तुम्ही काय अंतर्ज्ञानी आहात? तिने पहिल्याच दिवशी सांगायला नको?" खरंच, का नाही सांगितलं तिने? तेवढ्याच आधारावर घरापर्यंत आले.

११ नोव्हेंबर, सोमवार
मागच्या सोमवारचं टिपण काढून पाहिलं. माझंच टपोरं अक्षर : 'घरी आजारी बहीण, एकटी. उठता येत नाही.'
सांगितलं होतं तिने. म्हणून तर पुढे नुसतं 'किल्ली' म्हणत राहिली. तिला वाटलं, बाईंना माहीत आहे.