सत्तेचाळीस नंबरचं विमान

दि. ३ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला पत्र आलंय, असं भाऊजींना सांग. खरं कारण वेगळं आहे. फोन नेहमी तेच उचलतात, म्हणून हा खटाटोप. त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांच्या मालवाहू विमानाचं मॉडेल करून देतोय. हातभर लांब आहे. पंख जोडून झाले, रंगही वाळला. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि संध्याकाळी त्याच चिमट्याने विमानाची चाकं बसवायची, असं चाललंय. बायको म्हणते, एक दिवस एखाद्या म्हातारीच्या कवळीला पंखा लावून द्याल.

घोडं अडलंय ते नंबरापाशी. डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचे नंबर आणि चिन्हं. त्यांचा जो कागद आलाय, त्यात चार वेगवेगळ्या विमानांचे नंबर आहेत. शेपटीवर मोठा लावायचा आणि पुढच्या चाकाला झाकणाऱ्या दारावर तोच छोटा. भाऊजी मेकॅनिक म्हणून कोणत्या विमानावर होते? चुकीचा लावला तर ते बोलणार काहीच नाहीत, नुसते बघतील. ते बघणं मला सोसायचं नाही. सहज बोलता बोलता काढून घे.

तुझा लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारकू


दि. ११ जानेवारी

चि. बारकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सहज विचारणं मला कधी जमलंय का? भाजी निवडता निवडता विषय काढला, तर म्हणाले, आज एकदम विमानं कुठून उगवली? मग म्हणाले, सत्तेचाळीस. आणि मला सगळं आठवलं. थोरलीच्या वेळी मी दवाखान्यात आणि हे त्या सत्तेचाळीसबरोबर डोंगरातल्या धावपट्टीवर अडकलेले. इंजिन बंद, वर धुकं. लेक मान धरायला लागल्यावर साहेब उगवले. घरादाराने नावं ठेवली, तेव्हा त्यांच्या बाजूने मीच भांडले होते. विमानच बिघडलं तर माणूस काय उडत येणार, म्हणून.

तेव्हा बिनधास्त सत्तेचाळीस चिकटव. तुझं पत्र पिठाच्या डब्यामागे लपवलंय. परवा ते स्वयंपाकघरात उगाच घुटमळत होते. कशाला, ते कळलं नाही.

बायकोला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई


दि. १९ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक घोळ आहे. आकड्यांचं वळण नीट पाहावं म्हणून वाचनालयातून मालवाहू विमानांचं जाडजूड पुस्तक आणलं. तुझ्या तिथल्या वाचनालयातही असेल. त्यात सत्तेचाळीसचा फोटो आहे. खाली महिना आणि साल छापलंय, ते थोरलीच्या जन्माचंच. आणि जागा? डोंगर नव्हे, तुमच्या घरापासून सायकलने जाता येईल असा मुख्य तळ. विमान कार्यशाळेत आरामात उभं आहे. पुढच्या चाकाच्या दारावर ४७ स्वच्छ दिसतो. मला हवा होता तेवढाच नाकाचा भाग मोठा करून सोबत पाठवतोय.

भाऊजी नंबर विसरले म्हणावं, तर शेजाऱ्याने विकलेल्या स्कूटरचा नंबर ते आजही घडाघडा सांगतात. तू मनावर घेऊ नकोस. मला फक्त बरोबर डिकॅल लावायचंय.

राग नसावा, असलाच तर पत्रातून कळवावा.

तुझा,
बारकू


दि. २७ जानेवारी

चि. बारकूस,
अनेक आशीर्वाद.

मनावर घेऊ नकोस म्हणे! काडी टाकायची आणि वर सांगायचं, धुराकडे बघू नकोस.

आठवडाभर मी या माणसाकडे नव्याने बघतेय. भाजीला जाताना केस विंचरतात. फोन घेऊन गॅलरीत जातात. हे सगळं पूर्वीपासूनच असेल, पण पूर्वी मी बघत नव्हते. जिच्यासाठी अख्ख्या घराशी भांडले ती गोष्टच खोटी असेल, तर बाकीच्या संसारातलं खरं कुठलं धरायचं, सांग. लेक जन्माला येत होती तेव्हा सायकलच्या अंतरावर असून हा माणूस आला नसेल, तर तो होता कुठे? कोणाकडे?

काल जेवताना तू पाठवलेला फोटो ताटाशेजारी ठेवला आणि हेच विचारलं. त्यांनी भिंग आणलं, बराच वेळ पाहिलं आणि मलाच विचारलं, बाकीचा फोटो कोणी कापला? मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. रात्री ते बाहेरच्या खोलीत झोपले. आज सकाळी माझ्याकडे पेन मागितलं. कोणाला लिहिणार, ते सांगितलं नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई


दि. २९ जानेवारी

चि. बारकू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं पिठाच्या डब्यामागे असतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उघडून पाहिली नाहीत. मला वाटलं, हिला काही मोठं दुखणं निघालंय आणि तुम्ही बहीणभाऊ माझ्यापासून लपवताय. म्हणून गॅलरीत जाऊन डॉक्टरांना फोन करत होतो. ते काही सांगेनात, म्हणून संशय आणखी बळावला. तेव्हा या घरात संशय काही एकट्या तुझ्या ताईलाच आला नव्हता.

तुझ्या मॉडेलचं गुपित हिने फोटोवरून भांडतानाच फोडलं. आता विमानाचं. डोंगरात निघण्याच्या आदल्या दिवशी सत्तेचाळीसच्या पुढच्या चाकाचं दार माल चढवणाऱ्या गाडीच्या धक्क्याने चेपलं. एकतीस नंबरचं विमान इंजिन उतरवून कार्यशाळेत पडूनच होतं. त्याचं दार काढून मी आमच्या विमानाला बसवलं. असं आम्ही नेहमीच करायचो, एकाचं काढून दुसऱ्याला. नंबर रंगवायला वेळ नव्हता. मी गेल्यावर मागच्या पोरांनी चेपलेलं दार ठोकून सरळ केलं आणि एकतीसला लावून टाकलं. पुस्तकवाल्याने दार वाचलं, तू पुस्तक वाचलंस. विमान कोणीच बघितलं नाही. फोटोतल्या विमानाच्या उजव्या पंखावर टोकाकडचं इंजिन नसणार. शेपटी दिसत असेल तर तिच्यावर ३१ असणार. तू नेमकं नाकच कापून पाठवलंस.

हे सगळं तुझ्या ताईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चप्पल घातली आणि गुडघा धरत वाचनालयात गेली. माझ्या शब्दावर नाही, फोटोवरच विश्वास ठेवायचा होता. फोटोत इंजिनाची जागा रिकामी बघून परत आली. माझी उशी बाहेरच्या खोलीतून आत नेऊन ठेवली. पंचावन्न वर्षांच्या संसारात बाई माफी मागते ती अशी, हे मला कळतं. पण तेवढ्यावर मी सोडणार नाही.

तर मॉडेलच्या शेपटीवर ४७ लाव आणि पुढच्या दारावर ३१. त्या हिवाळ्यात ते विमान तसंच होतं. दिवाणखान्यात अगदी दर्शनी ठेवणार आहे. येणारा-जाणारा विचारेलच, एका विमानाला दोन नंबर कसे? तेव्हा मी पेपर वाचत बसेन. सगळी हकिकत सांगायची ती तुझ्या ताईने, प्रत्येक पाहुण्याला, पहिल्यापासून, स्वतःच्या संशयासकट. तिला अट सांगितली आहे. कबूल आहे म्हणाली, पण माझे केस विंचरण्याबद्दल अजून विचारायचंय म्हणे.

डिकॅल वाकडं लावू नकोस. माझा लोभ शाबूत आहे.

तुझे,
भाऊजी