झुहुराचा माड

टांगा शहर, चौदावा रस्ता
बुधवार, १४ ऑगस्ट १९९६

प्रिय झुहुरा,

सलाम. मी बरी आहे. तूही बरी असशील. असशील काय, आहेसच. ते आता मलाच नव्हे, अख्ख्या चौदाव्या रस्त्याला पक्कं ठाऊक झालंय. कसं, ते पुढे येईलच. आधी एवढं वाच: हे पत्र घेऊन आलेली तुझी हिदाया सुखरूप आहे. तिचे डोळे सुजलेले दिसतील. ते रडून सुजलेत, आणि माझ्यामुळे. दारातच तिला प्रश्न विचारत बसू नकोस. आधी तिला भात वाढ.

सतरा वर्षांनी तुला लिहितेय, त्यामुळे पेन कुठेही भरकटतंय. सरळ मुद्द्यावर यावं म्हटलं की हात थांबतो. म्हणून आधी घराचं सांगते.

मी घर विकायला काढलंय. पत्रे गंजून चाळण झालेत, पावसात माझी खाट या भिंतीची त्या भिंतीला जाते, आणि गुडघे म्हणशील तर पायरी दिसली की आधी तेच ओरडतात. दार-एस-सलामचा भाचा सारखा मागे लागलाय, "मावशी, सहा भाडेकरूंशी भांडत किती दिवस काढणार? इकडे या आणि नुसत्या बसून राहा." नुसतं बसून राहणं मला कधी जमलंय का, तूच सांग. पण कंटाळले होते गं. हो म्हणून टाकलं.

तुला वाटेल, घर विकणं म्हणजे घेणारा आला, देणारी बसली, झालं. छे! मकामे नावाचा दलाल धरला. तो गिऱ्हाइकं आणतो ती नेमकी भर दुपारी, माझा डोळा लागला की. लोक चपला घालून आत येतात, भिंतीवर टकटक करतात, माझ्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघतात. मुहेझाचं एक जोडपं तर तीनदा आलं. तीनदा माझी काळी कॉफी, आपला कावा, प्यायलं, माझे खजूर संपवले. बाई विचारायची, पलंग कुठे ठेवू, कपाट कुठे ठेवू. मला वाटलं, ठरलंच आता. पुढे कळलं, त्यांना घर घ्यायचंच नव्हतं. बाजारच्या दिवशी शहरात येतात आणि दुपारी टेकायला जागा नसते, म्हणून मकामेला गाठायचे.

आणि भाडेकरू! सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरलेलं, त्यांना कुठे जायचंय? पुढच्या खोलीतला सेफू सायकली दुरुस्त करतो. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगतो, मागच्या न्हाणीत जिन्न आहे, दुपारच्या नमाजाच्या वेळी खोकतो. मी म्हटलं, "मेल्या, जिन्न कधी खोकतो का?" तर म्हणतो, "बाई, ओल किती आहे तिथे. सर्दी होणारच ना त्याला." चारजण त्या खोकल्यापायी पळाले.

तुझ्या खोलीत, डावीकडून तिसऱ्या, आता दोन बहिणी राहतात. कसाव्याचे कंद तळून विकतात. चांगल्या आहेत. पण दुपारी सगळे निजले, समुद्राचं वारं पुढच्या दारातून शिरून बोळातून मागच्या दाराला जायला लागलं, की घर जागचं सुटून हळूहळू कुठेतरी निघालंय असं मला वाटतं. झावळ्या वाजतात, त्याचा पाऊस वाटतो. मी जागी आहे की झोपेत, ते कळत नाही, आणि मग तिसऱ्या खोलीतून चटईसाठी पात चिरल्याचा आवाज येतो. त्या बहिणी चटया विणत नाहीत. मी उठून बघत नाही. बघितलं तर आवाज थांबेल ना.

असो. शेवटी एक खरा घेणारा मिळाला. माकोरोराचा सिमेंटवाला. आडदांड, पण दारात चपला काढून आत आला. जिन्नाचं ऐकून म्हणाला, "असू दे, त्याला एक दुकान भाड्याने देऊ." घर पाडून तो दुकानं काढणार आहे. मी म्हांडोबाबांसमोर त्याला शब्द दिला. म्हांडोबाबा अजून आहेत हो, ऐंशीचे झालेत, आणि आपल्या दहा घरांचे मुखिया अजून तेच. त्यांच्या साक्षीशिवाय इथे कोंबडीचं खुराडंसुद्धा विकलं जात नाही.

गेल्या रविवारी सकाळी मागच्या अंगणात कागद मांडले. म्हांडोबाबांनी लेखणी हातात घेतली आणि वर बघितलं.

"हा माड कोणाचा?"

"माझाच की," मी म्हटलं.

"तुझा कसा? सतरा वर्षांपूर्वी मीच निवाडा दिलाय. घर रिझिकीचं, माड झुहुराचा. जमीन कोणाचीही असो, झाड लावणाऱ्याचं. तिचा होकार आण, मग सही."

सकाळी काय खाल्लं ते या म्हाताऱ्याला आठवत नाही, आणि हे आठवतं! सिमेंटवाला म्हणाला, "मग बोलवा त्या बाईंना." मकामे माझ्याकडे बघायला लागला. आणि झुहुरा, तुला बोलावून घ्यायचं, तू या अंगणात येऊन उभी राहायचीस, मी तुझ्या तोंडाकडे बघायचं, या नुसत्या विचारानेच माझी जीभ घसरली.

मी म्हणाले, "ती वारली."

म्हणालेच. तिकडे पांगानीत वारली, तिकडून येणाऱ्या मासळीवालीने सांगितलं, असंही वर जोडलं. अल्ला मला क्षमा करो. तू करू नकोस एवढ्यात, पुढचं ऐकून घे.

मला वाटलं, दोन हात वर करतील, दुवा म्हणतील आणि सही करतील. पण आपला रस्ता तुला ठाऊक आहे. तासाभरात शेजारची मुअनाकोंबो डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन दारात. "झुहुराचं या गावात दुसरं कोण आहे? दुखवट्याला बसायचं ते तुझ्याच घरी." पाठोपाठ चटया आल्या, चुली पेटल्या, बायका आल्या. झुहुरा, मी तीन दिवस तुझ्या दुखवट्याला बसले! जिवंत माणसाच्या! आणि लोकांनी तुझ्याबद्दल काय काय सांगितलं म्हणून सांगू. तू घासाघीस करायला लागलीस की बांगडेवाला टोपली टाकून पळायचा. मुअनाकोंबोची सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा तू रोज जाऊन तिला न्हाऊ घालायचीस. एका छपराखाली राहून हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मी लाजेखातर रडले. दुसऱ्या दिवशी खरंच रडले, इतकी की बायकांनी मला धरून ठेवलं.

त्याच दुपारी बसल्या जागी डोळा लागला. तू ओल्या केसांनी बोळातून चालत आलीस, सगळ्या बायकांना ओलांडून, आणि माझ्याशेजारी टेकलीस. म्हणालीस, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "तू." तू म्हणालीस, "मग मला का नाही कळवलं?" आणि कावा मागितलास. मी उठून खरंच पेला भरला. मुअनाकोंबो म्हणाली, कोणासाठी? मी म्हटलं, मलाच.

बरं, एवढं खोटं बोलून हाती काय लागलं? काहीच नाही. म्हांडोबाबा म्हणाले, झुहुरा गेली तर माड तिच्या लेकीचा. आणि मला न विचारता त्यांनी बसवाल्याकडून कोरोग्वेला, हिदाया असते तिथे, निरोप धाडला: आई गेली, दुखवटा चौदाव्या रस्त्याला आहे.

काल दुपारी दारात एक उंच मुलगी उभी राहिली. कपाळ तुझं, चाल तुझी. कोणी सांगायची गरजच नव्हती. धावत आली आणि माझ्या मांडीवर कोसळली. काय रडली गं ती. "मावशी, आई शेवटी काय म्हणाली?" विचारत होती. चाळीस बायका बघत होत्या. मग मी म्हटलं, "बाळ, तुझी आई जिवंत आहे. मी खोटं बोलले."

मग मुअनाकोंबो उभी राहिली. "माझे तांदूळ परत दे! आणि तीन दिवस रडले, ते कोण परत देणार?" कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळ्याच बायका हसायला लागल्या, एकमेकींच्या अंगावर पडून. हिदाया तेवढी हसली नाही. ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने मी गेले तेव्हा म्हणाली, "असं कोणी करतं का?" मी सेफूला हाक मारली.

सेफूने वर चढून दोन शहाळी काढली. माझ्यावर चिडलेलीच होती, पण प्यायली. नारळ तुझेच आहेत, झुहुरा. सतरा वर्षं मी दर शुक्रवारी त्यांच्याच रसात भात शिजवला, आणि वर अल्लाचं नाव घेऊन जेवले.

मी तिला आठवत नाही. कशी आठवणार, चार वर्षांची होती. म्हणाली, "आई सांगते, तुम्ही आम्हाला माडापायी घराबाहेर काढलंत." म्हणजे तिला तू तेच सांगितलंस, जे मी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते. तुला खरं कारण ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून माझी लाज राखलीस?

आता लिहिते. तो दिवस तुला आठवतही नसेल. अंगणात नळावर बायकांची गर्दी होती. हिदाया पडली, गुडघा फुटला, रडत धावत आली. तू वाटेत होतीस. तुला ओलांडून ती माझ्याकडे आली, माझ्या पायांना मिठी मारली आणि मला "आई" म्हणाली. तू हसत हसत तिला उचललंस. "अगं वेडे, ही आई नाही, ही घरमालकीण." बायका हसल्या. मीही हसले. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण माझी दोन बाळं श्वास न घेताच गेली होती, त्यापायी नवरा दुसरीकडे गेला होता, आणि चार वर्षं तुझी लेक माझ्या कडेवर झोपत होती. मला ते सहन झालं नाही. आठ दिवसांनी मी तुझं सामान ओट्यावर काढून ठेवलं.

आणि कारण काय दिलं? भाडेकरणीने न विचारता माड लावला, जमिनीवर हक्क सांगायचा डाव आहे तिचा. म्हांडोबाबांसमोर म्हणाले. तू एक शब्द बोलली नाहीस. फक्त माझ्या हातांकडे बघत राहिलीस.

कारण तो खड्डा मी खणला होता. सातव्या दिवशी हिदायाची नाळ गळून पडली, तू बाळंतीण, उठवत नव्हतं. मीच ती फडक्यात गुंडाळून पुरली आणि वर मोड आलेला नारळ ठेवला. तू एवढंच बोलली असतीस तर मी तिथेच गप्प झाले असते. का नाही बोललीस गं? सतरा वर्षं पांगानीच्या प्रत्येक मासळीवालीला मी मासळीचा भाव विचारला आणि बोलता बोलता तुझी खबर काढली. हा एक प्रश्न मात्र कोणाकडून विचारणार?

गंमत बघ. खड्डा मी खणला हे आज म्हांडोबाबांना सांगितलं, तर माड माझा ठरतो आणि व्यवहार पुरा होतो. एका वाक्याचं काम. पण मी सांगणार नाही. बाकीचं सगळं खोटं मी कबूल केलं, एवढं एक मला राहू दे. माड तुझा.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझा होकार मागायचा असं ठरवलं होतं. कागदही आणून ठेवला होता. पण तीन दिवस हे घर माणसांनी भरलेलं बघितलं, आणि आता समोर अंगणात हिदाया चटईवर झोपली आहे, तोंडावर हात घेऊन. मला नाही जायचं, झुहुरा. कुठेच नाही जायचं. शब्द दिलाय तो माझ्या तोंडाने मागे घेता येत नाही. आधीच हे तोंड बदनाम झालंय. तू नाही म्हटलंस तर मोडेल. पत्रे गळतील, मी खाट सरकवीन.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे पुन्हा बसणार आहेत. चिठ्ठी पाठवू नकोस, म्हांडोबाबा आता तुझ्या नावाची चिठ्ठी खरी मानणार नाहीत. तुला होच म्हणायचं असेल तर म्हण, तुझा हक्क आहे, मी मुकाट्याने बाडबिस्तरा बांधीन. हिदायाला मी हे पत्र वाचायला मना केलेलं नाही. तिलाही कळू दे.

माफी मागायला मीच तिकडे यायला हवं होतं, सतरा वर्षांपूर्वी. तेवढा धीर माझ्यात नव्हता, आजही नाही. म्हणून तुलाच सांगते.

नाही म्हणायला तरी ये.

रिझिकी