खुर्ची फिरवल्यावर

अब्बा, या खोलीत माझ्या हातचं काय काय आहे, ते आधी सांगतो. स्पीकर ठेवायचे दोन लोखंडी स्टॅन्ड मी वेल्ड केले आणि त्यांच्या पोटात तापीची वाळू भरली. आधी कढईत भाजून घेतली, कारण ओली वाळू लोखंड खाते. टेबल मी केलं, त्याची पुढची कड तिरकी तासली, म्हणजे आवाज टेबलावर आपटून तोंडावर येत नाही. दरवाजा दुहेरी फळ्यांचा, तोही माझाच. भिंतींवरच्या कापसाच्या चौकटी आणि कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत उभे केलेले तक्के मी तुमच्या दाभणानं शिवले. विकत आणलेले फक्त दोन स्पीकर, नाशिकच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतले. बाकी इथे एक खिळासुद्धा दुसऱ्यानं ठोकलेला नाही. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो, तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा पुढे आपलं गादीचं दुकान चालू होतं आणि या मागच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन होतं. त्याच जागेवर आता माझी खुर्ची आहे.

घरात आपण आपली मिसळ हिंदी बोलायचो, गिऱ्हाइकाशी तुमची अहिराणी चालायची, आणि मला लिहिता येते ती शाळेतली मराठी. तुम्हाला यातलं काहीच वाचता येत नव्हतं, तेव्हा भाषेवरून काही बिघडत नाही. लिहितोय ते कानाबद्दल. माझा डावा कान चालला आहे. तुमचाही डावाच गेला होता, पण गादी भरायला कान लागत नाही. माझं सगळं कानावर आहे. धुळ्यापासून इथपर्यंत अहिराणी गाणी करणारी पोरं माझ्याकडे येतात ती यंत्रं बघून येत नाहीत, माझ्यापेक्षा भारी यंत्रं आता खूप जणांकडे आहेत. ‘या माणसाला बरोबर ऐकू येतं’ एवढ्या एका गोष्टीवर ती येतात. हे बाहेर कळलं की ही खोली परत कापसाची होईल. घरातलं एक माणूस आणि कानाचे डॉक्टर सोडले, तर अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही विचारायचात, आवाज बेचेगा? आवाज तो फुकट का है! आणि दुकानातले सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण उत्तर नव्हतं. आज आहे. आवाज फुकटचाच असतो, पण तो कुठून येतो आणि कशाला आपटून येतो, हे कळायला माझी वीस-बावीस वर्षं गेली. लोकांना वाटतं, चांगला स्पीकर म्हणजे गोड वाजणारा. माझे स्पीकर गोड वाजत नाहीत. गाणं कच्चं असेल तर ते कच्चंच वाजवतात, म्हणून तर ते घ्यायचे. पण हेच स्पीकर भिंतीला चिकटवा, बास म्हणजे खालचा जाड आवाज फुगतो. कोपऱ्यात सारा, आणखी फुगतो. एकाला भिंत जवळ आणि दुसऱ्याला लांब ठेवा, गाणं एका बाजूला ओढलं जातं. म्हणून आखूड भिंतीकडे तोंड करून बसायचं, डावी-उजवीकडचं अंतर सारखं ठेवायचं, दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी सारखा धरायचा, आणि बारीक आवाजाचा वरचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला आणायचा. हे सगळं जमलं की गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, हवेत उभा राहतो. तिथे काहीच नसतं, तरी माणूस तिथे उभा राहून गातोय असं वाटतं. पहिल्यांदा तो उभा राहिला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच नाही. कुणी शिकवलं नव्हतं. इंग्रजी व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून, निम्मे समजून आणि निम्मे ताडून मी तिथवर आलो होतो.

बाजूच्या भिंतीवर चौकट नेमकी कुठे लावायची, ते आरशानं शोधतात. आपण खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्यानं भिंतीला आरसा धरून सरकवत जायचं. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथून आवाज आपटून येतो, तिथे कापूस. आरसा धरायला तुमची सून. पहूरची आहे, बोलण्यात कुणाला हार जात नाही. दोन्ही हातांनी आरसा धरून म्हणते, “लग्नात माझ्या माहेरनं आरसा दिला तो मी तोंड बघावं म्हणून. तुमच्या डब्यांनी तोंड बघावं म्हणून नाही.” मी म्हटलं, जरा खाली घे. “आणखी खाली घेतला तर तुमचे गुडघे दिसतील.” मग मी कुठे भडकलो, कुठे खुणा केल्या, ते जाऊ द्या. खुणा मात्र पक्क्या झाल्या. स्टॅन्डच्या पायांभोवती फरशीवर तेलाच्या रंगानं रेघा मारल्या, म्हणजे झाडलोट करताना सरकले तरी परत जागेवर येतील.

कोपऱ्यातले तक्के भरताना तुमचा हात आठवत होता. मी शाळेतून येऊन दुकानात बसायचो. एकदा खोळीत मधोमध कापूस लोटून दिला, वरून गादी छान फुगलेली दिसत होती. तुम्ही आलात, डोळ्यांनी बघितलंच नाही, कोपऱ्यात मूठ घातली आणि सगळी खोळ उलटी करून ओतून दिली. “कोने पहले. बीच का क्या है, बीच में तो कोई भी भर देगा.” गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं. मला रडू आलं, आणि तुम्हाला ते दिसलं तरी तुम्ही मशीन चालू केलंत. त्या आवाजात कुणी रडलं काय आणि ओरडलं काय. मी धंदा सोडून ऑर्केस्ट्राच्या लोकांबरोबर जायला निघालो, तेव्हा तुम्ही दाभण कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलंत. भोंगेवाल्यांमध्ये दाभणाचं काय काम, म्हणून मला तेव्हा रागच आला होता.

आता गेल्या वर्षाचं. सोनगीरकडचा एक पोरगा, आवाज चांगला, त्याचं गाणं मी करून दिलं. चार दिवसांनी परत आला.

“भाऊ, गानं मस्त शे. पन एका अंगे झुकी राहिनं. डाव्या अंगे.”

मी विचारलं, “इअरफोन कितीचे तुझे?”

“दीडशेना.”

“मग!”

“मित्रनी गाडीमा बी आयकं भाऊ. तठे बी तसंच.”

“मित्राला सांग, गाडीतले स्पीकर बदल.”

पोरगा हसत म्हणाला, “बठ्ठासना स्पीकर खराब, नि तुमना एकलाना चांगला?”

सगळ्यांचे स्पीकर खराब आणि माझ्या एकट्याचेच चांगले का, असं विचारतो म्हणून मी त्याला घालवून दिला. तो गेल्यावर कमरेत वाकून खाली बघितलं, तर डावा स्टॅन्ड रेघेच्या बाहेर. चांगला चार बोटं पुढे, माझ्याकडे सरकलेला. झाडताना सरकला असेल म्हणावं, तर धुळीची रेघ सांगत होती की तो तिथे महिनोन् महिने आहे. मीच सरकवला होता, अब्बा. एकदाच नाही, आज थोडा, मग थोडा, आवाज मधे येईना म्हणून. तेवढ्यानं भागेना तेव्हा गाण्यातही डावी बाजू वाढवत गेलो होतो. परत रेघेवर ठेवला आणि गाणं लावलं. गाणारा उजवीकडे जाऊन उभा राहिला.

मग मी खोलीच्या मागे लागलो. डावा स्पीकर बिघडला म्हणून दोघांची अदलाबदल केली. आवाज उजवीकडेच. वायरी बदलल्या, उजवीकडेच. डाव्या भिंतीचा कापूस दबून घट्ट झाला असेल म्हणून सगळ्या चौकटी उसवल्या, कापूस पिंजून आणला, पुन्हा भरला, पुन्हा शिवल्या. बोटं सोलली. आठवडा गेला, कामं पडून राहिली, आणि गाणारा तिथेच, उजवीकडे. अंगात काही उरलं नाही तेव्हा मी खुर्ची फिरवली, नुसता थकून, त्या स्पीकरांचं तोंड बघायचं नाही म्हणून. पाठीमागे गाणं चालूच होतं. आता माझ्या उजव्या हाताला खोलीची दुसरी भिंत होती, आणि गाणारा त्या भिंतीकडे गेलेला होता. खोली होती तिथेच होती. आवाज माझ्याबरोबर फिरला होता.

मी गाणं बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तुमची सून भाकरी थापत होती. मी तिला सांगितलं. तिचा हात थांबलासुद्धा नाही.

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तुमच्याकडून काढून घेतलं तेव्हापासून. आणि झोपायची बाजू बदलली मी, ती काय पंख्यासाठी?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. डाव्या बाजूनं.”

मला हसूही आलं आणि चीडही आली. म्हटलं, मला ऐकू येतं सगळं, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. आणि बोलता बोलताच ते वाक्य कुणाचं आहे ते कळलं. लहानपणीचं घर डोळ्यांपुढे आलं: जेवायला बसताना अम्मी नेहमी तुमच्या उजवीकडे बसते, आम्ही भावंडं डावीकडे, कारण डावीकडे बसून भांडलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. कधी चुकून काही कानावर पडतं आणि तुम्ही ताटावरून मान वर करून म्हणता, “मेरेकू सब सुनाई देता. तुमीच मुंह में बोलते.” अम्मी मान खाली घालून वाढत राहते. ती कधीच डावीकडे बसली नाही, आणि का बसत नाही ते कधी बोलली नाही. तुम्हाला ते माहीत होतं का, हे विचारायला आता कुणी नाही.

धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, तरुणपणी मोठ्या आवाजाजवळ काम केलं का? केलं होतं, स्टेजच्या कडेला भोंग्यापाशी, रात्र-रात्र, डावा कान भोंग्याकडे करून. ते म्हणाले, गेलेलं येत नाही, राहिलेलं सांभाळा. यंत्र लावता येईल, पण यंत्राचा आवाज तुमच्या कामाचा नाही. एवढं खरं बोलले, म्हणून त्यांचा राग आला नाही.

तेव्हापासून काम असं करतो. स्पीकर रेघेवर, एक बोटही इकडेतिकडे नाही. आधी समोर तोंड करून ऐकतो, मग खुर्ची फिरवून पाठमोरा. दोन्ही वेळा गाणं माझ्या उजवीकडे सारखंच कललं, तर ते मधोमध आहे. बारीक आवाज उजवा कान पुढे करून तपासतो. ज्या कामाला दुपार लागायची त्याला दोन दिवस लागतात, आणि संध्याकाळी डोकं जड होतं. पण काम बरोबर निघतं. सोनगीरच्या पोराचं गाणं नव्यानं करून दिलं. त्यानं मित्राच्या गाडीत बसूनच फोन लावला, “आते बराबर शे भाऊ.” गिऱ्हाईक असताना मात्र मी ऐकत नाही. म्हणतो, गाण्याला जरा मुरू द्यावं लागतं, उद्या या. लोकांना ते मोठ्या माणसाची लहर वाटते.

मागच्या महिन्यात धुळ्याचे एक शेठ आले. बँडचा जुना धंदा, आता अहिराणी गाण्यांचं मोठं काम. गाडीत घालून नवा स्टुडिओ दाखवायला नेलं, हायवेला लागून. आत गेलो, मधोमध उभा राहून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली, भिंतीतून काही परत आलं नाही. लांबी, रुंदी, उंची, कुठेच एकसारखी नाही, जशी असायला हवी तशी. मला आयुष्यात अशी खोली बांधता आली नसती. समोर मोठी काच होती, काचेपलीकडे सोफा. शेठ म्हणाले, “भाऊ, खोली मनी, मशीन मनं, लाईट-बिल मनं. बठ्ठं मनं. कान तेवढा तुमना. मी तठे सोफावर बसीसन देखत राहसू.”

मी काचेकडे बघितलं: सगळं त्यांचं, आणि ते तिथे बसून माझी फिरणारी खुर्ची रोज बघणार. मग त्यांना म्हणालो, खोलीचं माप चुकलंय शेठ, छत खाली आलंय, अशा खोलीत मी बसत नाही. शेठचा चेहरा पडला. बांधणाऱ्याला फोन लावून माझ्यासमोरच शिव्या दिल्या. आता गावभर म्हणतात, या माणसाचा कान इतका तिखट की शेठची खोलीही त्याला चालली नाही. मी ऐकून घेतो. छताला काही झालेलं नव्हतं, अब्बा. महिन्याचे साठ हजार आणि राहायला वरच्या दोन खोल्या देत होते. मी नाही म्हणालो.