दोन लोटे अन् चारचा भोंगा

६ डिसेंबर १९५९, रात्री.
दुकानातून डायरी भेटली. मागच्या सालची आहे, पण कोरी. वार चुकतात, तारखा बरोबर. आपल्याले वाराशी काय करायचं?
आज भातकुलीहून वापस आलो. पोट्ट्याचं बारसं झालं. नाव देवीदास. नाक माह्यावर गेलं, आवाज आजोबावर.
सिंधूले सोबत नेतो म्हटलं तं मामाजी, म्हंजे माहे सासरे खुशालराव, चार लोकायसमोर बोलले. जवाईबापू, पोरगी तुमचीच हाये, पन आदी एक नोकरी टिकवा, अन् रातच्याले घरात निजत जा. संक्रांतीले येतो पोरीले घेऊन. घडी बसली दिसली तं ठेवून जातो, नाई तं तेच बैलबंडी वापस.
लोक हसले. मी बी हसलो. हसणं भाग होतं.
रातचा मुद्दा त्यायनं दिवाळीवरून काढला. दिवाळीत सासुरवाडीले गेलो तं पुंजाजी पाटलाची बंडी रातोरात खोलून त्याच्याच गोठ्याच्या छपरावर जोडून ठेवली होती. चढवाले आमी चौघं होतो, नाव माहं एकट्याचं झालं. कला असली की नाव होतेच.

७ डिसेंबर.
रातभर विचार केला. एक नोकरी टिकत नाई हे खरं. पण दोन धरल्या तं? एक गेली तरी एक उरते. उरली म्हंजे टिकलीच ना! एवढी साधी गोष्ट मामाजीले सुचली नाई. शेतीवाल्या माणसाले नोकरीतलं समजत नाई.
सध्या चिंतामणरावाच्या कापडदुकानात आहे. दोन महिने झाले. माह्या मानानं हे लय झालं.

९ डिसेंबर.
दुसरी नोकरी फिट्ट!
कापसाच्या जिनातला भोंगेवाला पुंजाराम गुरुकुंज मोझरीले आश्रमात राहाले गेला. आता देवाचं नाव घेतो म्हणे. वीस वर्षं लोकायची झोप मोडली, पाप तं लागलंच असन. त्याची जागा मले भेटली. बॉयलरवाला मोतीराम ओळखीचा, त्यानं शब्द टाकला.
काम काय, तं पहाटे चारले साखळी ओढायची. बस. त्या भोंग्यावर अर्धी अमरावती उठते. जिनातल्या बाया, दूधवाले, देवळातला पुजारी, पहिल्या मोटारीचे लोक. आमची माय बी त्याच्यावरच चूल पेटवते. मी साखळी ओढीन तवा शहराची सकाळ होईन. कलेक्टरच्या हातात बी एवढं नाई.
मोतीरामनं एकच गोष्ट सांगतली. हापिसातल्या भिंतीवरचं घड्याळ पाहूनच ओढायची, बाबू. हापीस अंगणाच्या पल्याड आहे. थंडीत कंदील घेऊन तितं कोण जाते? पाहू.
मायले सांगतलं. थे कपाळाले हात लावून बसली. मामाजीनं सांगतलं काय अन् तू करून राह्यला काय, म्हणे. अवं, रातच्याले निजायचं ना? मंग घरात निजलो काय अन् जिनात निजलो काय! माय जुन्या जमान्याची आहे.

१२ डिसेंबर.
चारले जाग येत नाई. पहिल्या दिवशी मोतीरामनं लात घालून उठवलं. काल मी पायाच्या आंगठ्याले सुतळी बांधली अन् दुसरं टोक त्याच्या मनगटाले. प्लॅन चांगला होता. पण मोतीराम झोपेत लय कुशी बदलते. रातभर त्याच्या तालावर माहा पाय नाचला. आज लंगडून राहिलो. दुकानात सांगतलं, काटा रुतला.

१६ डिसेंबर.
शोध लागला! कुण्या सायबाले लागला असता तं पेपरात फोटो आला असता.
निजताना लोटाभर पाणी प्यायचं. पोटच उठवते! परवा एक लोटा पिलो तं पाचले जाग आली, तवरक मोतीराम भोंगा मारून शिव्या देऊन राहिला होता. काल तीन पिलो तं दोनलेच उठलो. साखळीले हात घातला, मोतीरामनं धरला म्हणून बरं. आज दोन पिलो. टन्न चार!
दोन लोटे म्हंजे चार वाजता. घड्याळाले चावी द्या लागते, पोटाले लागत नाई. मोतीरामले समजावलं. तो म्हणे, बाबू, तरी घड्याय पाहत जा. अडाणी आहे.

१९ डिसेंबर.
रातचं ठीक चालू आहे. दिवसाचं थोडं अवघड. दुकानात डोळे मिटतात. उपाय काढला. काळा चष्मा घातला अन् चिंतामणरावाले सांगतलं, डोळे आले. चष्म्याआड बसल्या बसल्या झोपता येते. गिऱ्हाईक बी साथीच्या भेवानं दूर राहते. डबल फायदा.

२३ डिसेंबर.
आज थोडी गडबड.
एका बाईले लुगड्याचं कापड दाखवून राहिलो होतो. तेवढ्यात डोळा लागला. हात मात्र चालू. नऊवार लुगडं मधातून टर्रकन फाडलं. आवाजानं मीच जागा झालो.
सावरून घेतलं. म्हटलं, बाई, नऊवारीचा जमाना गेला, आता पाचवारीची फॅशन आहे, तुमाले दोन भेटल्या. बाईनं हातानं मोजलं. साडेचार निघाली. म्हणे, उरलेला अर्धा वार काय तुया बायकोच्या आंगावरून काढून देतं कारे?
चिंतामणरावांनी तिची समजूत घातली. मंग माह्याकडे पाहून म्हणाले, उद्धव, तुझे डोळे आले हे समजलं, अक्कल कधी येणार तेवढं सांग. अन् उद्यापासून मागच्या खोलीत गठ्ठ्यायवर बसायची शिक्षा देली.
मागच्या खोलीत अंधार आहे. गठ्ठे मऊ आहेत. अशी शिक्षा देवानं सगळ्यायले द्यावी.

१ जानेवारी १९६०.
डायरी संपली. पहिली पानं कोरीच होती, उलटून वापस समोर आलो. कागद वाया जात नाई.
नव्या सालाचा निश्चय: एक बी नोकरी सोडायची नाई. खोटं बोलायचं नाई, लागलं तरच बोलायचं. मोतीराम घड्याळ घड्याळ करते, त्याच्यावर रागवायचं नाई.

११ जानेवारी.
निरोप आला. मामाजी भोगीले येऊन राहिले. सिंधू अन् देवीदास सोबत. मामाजी ओसरीवर निजतीन, मी त्यायच्या बाजूले.
म्हंजे रातच्याले मी दिसलो पाहिजे. अन् भोंगा बी वाजला पाहिजे.
प्लॅन केला. दिवाणावरचा लोड माह्या गादीवर घालायचा, वरून रजई, उशीवर माही टोपी. लांबी जवळपास तेवढीच आहे. पोट लोडाचं थोडं जास्त आहे. चालते.

१३ जानेवारी, भोगी. रात्री, निजायच्या आधी.
आले! देवीदास मोठा झाला. मले पाहून असा रडला की बाजूच्या घरची कोंबडी उडाली.
सिंधूनं पहिले डोळ्याकडेच पाहिलं. काहो, डोये काहून लाल? म्हटलं, वाचन वाढवलं. थे म्हणे, लग्नाच्या आधी तुमी मॅट्रिकले तीनदा बसले, तवा तं पांढरे फटक होते म्हणतात.
चुलीपाशी तिले लोडाचा प्लॅन सांगतला. हसली नाई. म्हणे, आवो, बाबायले खरं सांगून द्या ना, का दोन ठिकाणी काम करून राहिलो. माहं मन नाई लागत तितं. यंदा बंडीत बसून वापस जायची पाळी आली तं मी तुमच्याशी बोलन नाई.
डोळ्यात पाणी होतं. चुलीचा धूर असन.
खरं सांगण्यात मजा नाई. उद्या मामाजी स्वतः म्हणतीन, ठेवून जातो. मंग सांगू सगळं, सोबत हसू.
जेवाले मायनं कढीगोळे केले. दही भातकुलीचं. मामाजी बाजूलेच बसले, अन् वाढणं चालू. घ्या जवाईबापू, भैस तुमच्या पोट्ट्यासाठीच घेतली, तिच्याच दह्याची कढी हाये. आता जवाईनं वाटका पालथा घातला तं सासऱ्याचा अपमान. पिलो. आनखी एक घ्या. पिलो. सिंधूच्या नावानं एक. देवीदासच्या नावानं एक. भैशीच्या नावानं बी एक पिलो.
मामाजी घोरून राहिले. लोड निजवला. मस्त दिसते, माह्यापेक्षा गरीब.
कढी पोटात डुबुक डुबुक करते. तरी दोन लोटे पाणी पिलोच. नियम म्हंजे नियम. सिस्टिम मोडायची नाई. मोतीराम सणासाठी घरी गेला, आज सारी जबाबदारी माही.

१४ जानेवारी, संक्रांत. जिनात.
चारचा भोंगा मारला. फर्स्टक्लास! लागली होती लय जोरात, पण आधी ड्यूटी केली. मामाजी ऐकून राहिले असतीन म्हणून जरा लांबच ओढला.

थोड्या वेळानं.
जिनातल्या बाया येऊन फाटकापाशी बसल्या. कुडकुडून राहिल्या. देवळातली आरती बी झाली. उजाडत नाई.

आनखी थोड्या वेळानं.
अजून अंधारच. आज संक्रांत आहे, सूर्य दिशा बदलते म्हणतात. वळाले टाइम लागत असन.

त्याच दिवशी, दुपारी.
लिहायची इच्छा नाई. पण लिहितो. चूक कढीची आहे.
मोतीराम पळत आला, एका पायात जोडा. सीधा हापिसात गेला अन् कंदील वर धरून वरडला, अबे, आत्ता कुठी तीन वाजून राहिले! भोंगा मारून दोन तास तं झालेच होते, म्हंजे तो मी एकले मारला होता. कढी अन् दोन लोटे मिळून एक वाजते, हे आधी कोणी सांगतलं नाई.
अर्धी अमरावती उठून बसली होती. संक्रांत म्हणून लोकायनं तीळ लावून आंघोळी उरकल्या. अंगणात सडे पडले, रांगोळ्या झाल्या. दूधवाल्याच्या भैशीनं अवेळी दूध देलं नाई, लात देली. मोटारीवाले पेट्या घेऊन स्टँडवर जाऊन बसले. फाटकापाशीच्या बायायनं मले सुट्टी देली नाई. एक म्हणे, मेल्या, लेकरू रडत टाकून आली मी. दुसरी म्हणे, याले साखळीले बांधा अन् दर तासाले ओढा.
चिंतामणराव रोज भोंग्यावर उठून वडाळीच्या तलावापर्यंत फिराले जातात. त्यायनं दोन चकरा मारल्या तरी उजाडलं नाई. काय भानगड आहे ते पाहाले जिनात आले. साखळीपाशी मी. चष्मा नाई. जवळ येऊन कंदिलात माह्या डोळ्यात पाहिलं अन् म्हणाले, डोळे बरे झाले वाटतं. आता दुकानात येण्याची तसदी घेऊ नकोस.
जिनाचे मॅनेजर बाजूलेच उभे होते. म्हणाले, इथं पण नको.
दोन्ही नोकऱ्या एकाच जागी गेल्या. चकरा वाचल्या.
घरचं सिंधूनं सांगतलं. मामाजी बी भोंग्यावर उठले. थंड्या पाण्यानं आंग धुतलं. मंग माह्या गादीपाशी बसले. जवाईबापू, उठता का, म्हणे. मंग म्हणे, निजू द्या, दिवसभर काम करते लेकरू. उजाडाची वाट पाहत बसले, बसल्या बसल्या लोडाशी हळूच बोलत राहिले. रातभर हालले नाई तुमी. मी तुमाले उगाच चार लोकायत बोललो, मनावर घेऊ नका. पोरीले ठेवून जातो. करमत नाई तिले तुमच्याबिगर. अन् आपली घोंगडी काढून लोडाच्या पायावर घातली.
सिंधू दाराआड उभी होती. म्हणे, माहा जीव खाली-वर होऊन राहिला होता, पन बोलू कशी?
मंग मायनं कंदील अन् तिळगूळ आणला. मामाजीनं प्रेमानं रजई बाजूले केली.
मी आलो तवा ते टोपी हातात घेऊन बसले होते. एवढंच म्हणाले, सिंधे, हाच जवाई ठेव. रातभर घरात निजते, खात काई नाई, अन् कोनाची बंडी छपरावर चढवत नाई.
मंग तिळगूळ खाल्ला. आज गोड बोलायचा दिवस आहे, म्हणून दिवसभर काहीच बोलले नाई.

१६ जानेवारी.
बंडी जुंपली. सिंधूनं बोलणं बंद केलं. देवीदासले कडेवर घेऊन मुकाट्यानं बंडीत चढली. मायनं डोळ्याले पदर लावला. मी बंडीच्या धुरीपाशी उभा.
म्हटलं, मामाजी, चूक झाली. दोन नोकऱ्या केल्या त्या हिच्यासाठीच केल्या. पहिल्यांदाच खरं बोललो, मजा आली नाई.
मामाजीनं बैल थांबवले. मंग मायले म्हणाले, विहीनबाई, लोड तुमाले राहू द्या. यायले टाका बंडीत. घडी माह्याच डोयासमोर बसन.
सिंधू सरकली. मले जागा केली. बोलली नाई, पण सरकली.
शेवटी मामाजीचं माह्याबिगर भागत नाई हेच खरं.

२ फेब्रुवारी. भातकुली.
वावरात असतो. कापूस वेचणं, बंडी हाकणं. मामाजी मांगंच असतात. पुंजाजी पाटील रोज आपली बंडी मोजून घेते, एकच आहे तरी. अन् कढीले मी हात लावत नाई.
संध्याकाळी वाटलं, चला, एकच नोकरी आहे, टिकन. रातची झोप आपली.
देवीदासले हे माहीत नाई. तो बरोबर एकले सुरू होते. न चुकता, न थकता, लोटा न पिता. आज बी झाला. मी आंगावरून रजई ओढून लोडासारखा पडून राहिलो. सिंधूनं डोळे न उघडता कोपर मारला. भोंगा झाला जी, म्हणे, दोरी ओढा पायन्याची.
उठलो. पाळण्याची दोरी ओढून राहिलो. एका हातानं हे लिहून राहिलो.
ओसरीवरून मामाजीचा आवाज आला. घड्याय पाहून ओढा, जवाईबापू.