बटलर या आडनावाची वाटणी

मी, धोंडप्पा वल्द गुंडप्पा बटलर, जात लिंगायत, धंदा पितळी भांड्यांचे दुकान, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, वय पन्नाशीच्या जरा अलीकडचे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अदालतीत याला वसीयतनामा म्हणतात. नाव बदलले म्हणून मरण बदलत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, असे सोलापूरच्या डॉक्टरांचे म्हणणे पडले, म्हणून ही घाई. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझे धाकटे बंधू पंचाक्षरी यांनी दम दिला होता. तो मी घेतला नाही.

कलम पहिले. वडिलार्जित घराची वाटणी वडिलांमागे झालेली आहे. रस्त्याकडची बाजू पंचाक्षरी यांची, विहिरीकडची माझी. मधली भिंत त्यांनी हट्टाने घातली आणि खर्च मी केला, तेव्हा भिंत दोघांची समजावी. माझी बाजू शिवकांता हिला द्यावी.

कलम दुसरे. बाजारातले दुकान माझे स्वकष्टार्जित आहे. वडील जत्रांतून भांडी विकत फिरले, दुकान मी घातले. ते आतल्या मालासह, तराजू-वजनांसह शिवकांता हिला द्यावे. शिवकांता म्हणजे माझी लिंगैक्य, म्हणजे वारलेली, पत्नी गौराबाई हिच्या पहिल्या घरची मुलगी. गौराबाई विधवा होती. आमच्यात विधवेशी लग्न लागते त्याला उडकी म्हणतात, तशी तिची माझी उडकी लागली, तेव्हा ही पोर तिच्या कडेवर होती. त्या दिवशी पंचाक्षरी रागाने जेवले नाहीत. लाडू मात्र धोतराच्या सोग्यात बांधून नेले.

कोपऱ्यातला कल्हईचा भाता दुकानाचा नव्हे, तो कोंडीराम कल्हईवाले यांचा आहे. तो तिथे पडून असतो म्हणून पंचाक्षरी त्यावरही हक्क सांगतील, यासाठी हा खुलासा.

रोख फार नाही. निजामाचे हाली रुपये थोडे, इंग्रजी कलदार त्याहून थोडे. माझी माती त्यातच भागवावी. आमच्या रीतीने मला बसवूनच पुरावे. जन्मभर दुकानात बसलो, पुढेही बसायला हरकत नाही.

कलम तिसरे. हे लांबणार आहे, त्याला इलाज नाही. मागच्या बाजाराच्या दिवशी पंचाक्षरी दुकानात आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "अण्णा, पाटीवर काय लिव्हलंय? बटलर. ही पोरगी बटलर हाय का? न्हाय. मग तुमच्या मागं दुकान हिचं कसं व्हतंय, सांगा की."

लोकांनी माना हलवल्या. आपल्याकडे मान हलवायला विचार करावा लागत नाही. शिवकांता तांब्या तोलत होती. तिने काट्यावरची नजर न काढता उत्तर दिले, "काका, पाटी तुमी घेऊन जावा. दुकान राहू द्या."

तिने हसून वेळ मारून नेली. पण उद्या मी नसताना हाच सवाल अदालतीत येईल, आणि तिथे हसण्यावारी काही जात नाही. म्हणून हे आडनाव आले कुठून, ते लिहून ठेवतो.

पंचाक्षरी सांगतात ती हकीकत अशी. नळदुर्गाजवळ बटलर नावाचा गोरा साहेब शिकारीला आला असता आमच्या आजोबांनी त्याचा जीव वाचवला, आणि साहेबाने खूश होऊन आपले नाव बक्षीस दिले. माझ्या लहानपणी साहेबावर साप आला होता. पंचाक्षरींचे लग्न ठरले तेव्हा अस्वल आले. हल्ली वाघ येतो. पंचाक्षरींच्या ओसरीवर साहेबाची तसबीरही आहे. ती बिस्किटाच्या डब्यावरून कापलेली आहे. डबा मीच आणला होता.

खरी गोष्ट आमची आजी इरम्मा सांगे. कानडीत वाटीला, पेल्याला बट्टलु म्हणतात. आजोबा बंडप्पा खांद्यावर झोळी टाकून बट्टल विकत, म्हणून लोक आम्हाला बट्टलर म्हणत. पुढे मोगलाईत मर्दुमशुमारी, म्हणजे शिरगणती, झाली. आजोबांनी नाव सांगितले, कारकुनाने उर्दूत टिपले. उर्दूत तेच अक्षर जोडून दोनदा आले तर त्याच्या डोक्यावर तश्दीद नावाची बारीक खूण द्यावी लागते. कारकुनाला जेवायची घाई असावी. खूण राहिली, एक ट गेला, आणि बट्टलरचे बटलर झाले. आजी म्हणे, "एक ट सरकारजमा झाला रे बाबा."

वडील सोलापूरहून माल आणू लागले तेव्हा रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या बाबूने ते नाव ऐकून इंग्रजीत ठोकून दिले. त्यानंतर माल सोडवायचा तर बटलर म्हणूनच सही करावी लागे. वडिलांनी तेवढी इंग्रजी अक्षरे गिरवून पाठ केली. पितळेसाठी माणूस इंग्रज होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता खुद्द इंग्रजांचे बटलर. सोलापूरच्या मिशन शाळेतले मास्तर आमचे गिऱ्हाईक. त्यांना विचारले तर ते म्हणाले, "अहो, बटलर म्हणजे बाटलीवाला. फ्रेंचांच्या बाटलीवरून आलेला शब्द." जुन्या काळी सरदारांच्या घरी दारूचे कोठार सांभाळणारा नोकर तो बटलर. काम बापाकडून मुलाकडे गेले, त्याचे आडनाव झाले. आयर्लंडात तर एका राजपुत्राने एका सरदाराला दारू पेश करण्याचा मान दिला आणि त्याचे अख्खे घराणे बटलर म्हणून मोठे झाले. म्हणजे तिकडेही नाव रक्तातून आले नाही, कामातून आले. आणि आमच्या घरात दारूचा थेंब कधी शिरला नाही, त्या घराने बाटलीवाल्याचे नाव मिशीला पीळ देऊन मिरवले.

सबब या आडनावाची वाटणी अशी: एका ट चे बटलर, साहेब, तसबीर आणि वाघ यांसह, पंचाक्षरी यांना द्यावे. त्यात कोणी वाटा मागू नये. दोन ट चे बट्टलर शिवकांता हिला द्यावे. ते भांडी विकणाऱ्याचे नाव आहे, आणि आज या घरात भांडी तीच विकते. पंचाक्षरींना तांब्या आणि चंबू यांतला फरक सांगता आला तर या कलमाचा फेरविचार व्हावा.

कलम चौथे. येथवर लिहून झाल्यावर मी हा कागद शिवकांताला वाचायला दिला. तिने वाघापाशी हसून घेतले, मग कागद माझ्यापुढे ठेवला.

"अप्पा, एक चूक हाय."

"कुठं?"

"दुसऱ्या कलमात. पहिल्या घरची मुलगी म्हणं."

"कायद्याला नातं उघड लिहावं लागतं, बाई. नाहीतर तुझा काका तिथंच पकडील."

"व्हय, मग उघड लिवा की. एक ट, दोन ट, मला काय करायचंय त्याचं? गिऱ्हाईक मला शिवकांता म्हणतंय. नुसतं बापाचं नाव लिवा."

मी म्हणालो, गौराबाईच्या पहिल्या नवऱ्याचे नाव मला आठवत नाही.

"मला बी ठावं न्हाय," ती म्हणाली. "म्या कवा बघितलंय त्याला? तुमचं लिवा."

आणि ती दुकान उघडायला गेली.

तरी वर जेथे जेथे शिवकांता असे लिहिले आहे, तेथे तेथे 'माझी मुलगी शिवकांता धोंडप्पा' असे वाचावे. दुसऱ्या कलमातले 'पहिल्या घरची' हे शब्द रद्द समजावेत. मी ते खोडलेले नाहीत, कारण खाडाखोड दिसली तर पंचाक्षरी अदालतीत जातील. आडनावाची वाटणी तिला नको असली तर तिने ती सोडावी. घर आणि दुकान सोडू नये.

हे वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

धोंडप्पा गुंडप्पा, शिवकांताचा बाप

साक्षीदार: वीरप्पा जंगम, राहणार जळकोट, सही
साक्षीदार: कोंडीराम कल्हईवाले, राहणार जळकोट, निशाणी डावा अंगठा

मुक्काम जळकोट, माहे बहमन, सन १३५५ फसली, इंग्रजी डिसेंबर १९४५