अर्ध्या मताचा हात

तीर्थरूप दादा,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. मला अजून वाकता येतं, देवाची कृपा. पण तुझ्या पाठीचं काय? रविवारी घरी आला होतास तेव्हा जिना उतरताना तू कठड्याला हात लावलास, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. (तू म्हणशील, कठडा असतोच त्यासाठी. पण पाठीची दुखणी अशीच गुपचूप सुरू होतात.) एकदा पाठ धरली की माणूस चार-आठ दिवस अंथरुणाला खिळतो, आणि अशा माणसाला कामावर बोलावणं कुठल्याही कंपनीला शोभत नाही. कंपनीच्या तिकडच्या गोदामापाशी खोलीवर एकटा असतोस, जपून राहा. जड काही उचलू नकोस. हलकंही उचलू नकोस. फोन तर मुळीच उचलू नकोस, मान अवघडते. म्हणून तर हे पत्र आपल्या व्हॅनच्या ड्रायव्हरकडे देतेय. इकडे आम्ही सगळे खुशाल. वहिनी मजेत आहे. फारच मजेत आहे.

इकडच्या गोदामात संप झाला असं तुझ्या कानावर आलं असेल, तर ते साफ खोटं आहे. संप झालेला नाही. संप करायचा की नाही यावर मतदान चालू आहे, आणि ते कालपासून चालूच आहे, एवढंच. कसं ते सांगते, पण त्यासाठी मला जरा मागे जावं लागेल. (तू पत्रातली पानं मोजतोस ते माहीत आहे. मोजू नकोस, पडल्या पडल्या वाच.)

तुला ठाऊक आहे, पार्सलांच्या फिरत्या पट्ट्यापाशी माझ्यासमोर लंबू उभा असतो. पार्सल आलं की मी पत्ता वाचते, तो उचलून त्या भागाच्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकतो. पुढचं तो वाचतो, मी टाकते. चुका दोघांच्या सारख्याच, घाम सारखाच, धूळही कंपनी दोघांना सारखीच देते. पण तो पूर्णवेळ आणि मी अर्धवेळ, म्हणून त्याच्या तासाला माझ्या तासाच्या दीडपट पैसे. आता वेळ अर्धा म्हणून पगार अर्धा, इथपर्यंत माझं डोकं चालतं. पण तासही लहान कसा होतो? माझा तास काय चाळीस मिनिटांचा असतो? हे मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, ते वरून ठरतं. (आमच्या वर पत्रा आहे. मी पाहिलं, तिथे कुणी नव्हतं.) हे सगळं हसत लिहितेय, पण त्या दिवशी घरी येऊन मी भांडी आपटली, दादा. राग आला होता आणि अपमान वाटला होता. वहिनी काही बोलली नाही, नुसती भांडी पुसत राहिली. ती गप्प बसली की काय होतं ते तुला संसारात कळलंच असेल.

मग मी, वहिनी, आम्ही सगळ्या अर्धवेळवाल्या युनियनकडे गेलो. आपले अध्यक्ष, म्हणजे मुद्देवाले (बारशाला गेले तरी 'मुद्दा असा की' म्हणूनच पाळण्याजवळ जातील), त्यांनी नियम काढून दाखवला: अर्धवेळवाल्यांची वर्गणी अर्धी, म्हणून मतही अर्धं. आम्ही म्हटलं, ठीक आहे, अर्धं तर अर्धं, पण मतदान घ्या. एकच प्रश्न: अर्धवेळवाल्यांचा तास पूर्ण धरेपर्यंत काम बंद, होय की नाही? साहेबांनी सभेला खोली दिली नाही. तेव्हा कुणीतरी सुचवलं की पाळी बदलताना सगळे पट्ट्याजवळ असतातच, तर तिथेच हात वर करून मतदान घ्या. (कुणी सुचवलं ते आठवत नाही. बाईमाणूस होतं, आणि तुझ्या चांगल्या ओळखीचं होतं.) मग अर्धं मत मोजायचं कसं, यावर मुद्देवाल्यांनी आपल्या बुद्धीने तोडगा काढला: पूर्णवेळवाल्यांनी हात सरळ वर करायचा, अर्धवेळवाल्यांनी कोपरात वाकवून.

आता बघ, एवढा शहाणा माणूस, पण जन्म ऑफिसात गेला, पट्ट्याजवळ कधी उभा राहिला नाही. त्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही म्हणून आमची सगळी बोलणी हातांनी, हे त्यांच्या गावीही नाही. कोपरात वाकवलेला हात म्हणजे 'हळू कर'. सरळ हात म्हणजे 'थांबव'. आणि बटणावर बसलेले काका म्हणजे तुझे बटणकाका. पट्टा दुरुस्त करताना तुझं बोट गेलं त्या दिवशी त्यांनीच घाईने तो सुरू केला होता. तेव्हापासूनचा नियम तुला माहीत आहे: ज्याने हात वर केला त्याने तो स्वतः खाली आणेपर्यंत पट्टा पुन्हा सुरू करायचा नाही. नियम कंपनीचा, पण पाळतात फक्त काका, आणि ते पूजेसारखा पाळतात.

तर मतदान सुरू झालं. आम्ही आज्ञाधारकपणे कोपरं वाकवून हात वर केले. काकांनी पट्टा हळू केला. पूर्णवेळवाले आपापल्या बुटांकडे बघत होते (नवे बूट कुणाचेच नव्हते). मुद्देवाले अर्धे-अर्धे जोडत मोजणी करत होते. तेवढ्यात वहिनीने कोपर सरळ केलं. मग तिच्या शेजारणीने केलं, मग मी, मग ओळीतल्या सगळ्यांनी. काकांनी आमच्याकडे पाहिलं, लाल बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. इतकी शांतता झाली की लंबूने घसा खाकरला तो सगळ्यांना ऐकू गेला. आणि मग त्याने हळूच आपलाही हात वर केला. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेब धावत आले. म्हणाले, हात खाली करा. मुद्देवाले म्हणाले, मुद्दा असा की मोजणी पूर्ण झालेली नाही. सरळ कोपराचं अर्धवेळ मत अर्धं धरायचं की पूर्ण, हे नियमात नाही. साहेब काकांवर ओरडले. काकांनी भिंतीवरच्या, हाच नियम लिहिलेल्या कंपनीच्याच पाटीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून पट्टा बंद आहे. हात सगळ्यांनी कशाला दुखवायचे म्हणून आम्ही पाळ्या लावल्या आहेत, एक जणी हात वर धरते, बाकीच्या चहा पितात. (ही पाळीसुद्धा अर्धवेळच आहे, पण इथे सगळ्यांचा तास सारखा.) हे पत्र मी कागद दाबून धरायला शेजारणीला बसवून लिहितेय, कारण माझा डावा हात वर आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर सांभाळून घे.

बाकी सर्व क्षेम. यात माझा काही दोष नाही, सगळं आपोआप घडलं, हे तुला पटलंच असेल.

तुझी लाडकी (असं तू म्हणायचास),
धाकटी

ता. क. मागच्या पेटीतून तारा जोडल्या तर पट्टा बटणाशिवाय फिरतो, हे साहेबांना कळलंय, आणि त्या तारा फक्त तुलाच कळतात, हेही कळलंय. उद्या सकाळी तुला बोलावणं येईल. पट्टा फिरला की आमच्या जागी नवीन माणसं उभी करतील आणि आमचं सगळं तिथेच आटोपेल. तू पूर्णवेळ आहेस, नोकरीवर तुझंही पोट आहे, हे मला समजतं. मी कसलाच आग्रह करत नाही. फक्त तुझी पाठ मला इथून फार दुखताना दिसतेय.

आणखी एक. हत्यारांची पिशवी रविवारी घरी विसरलास म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. तू विसरला नाहीस. वहिनीने ती रविवारीच माळ्यावर टाकली. मतदान सुरू झालं मंगळवारी. याचा हिशोब जुळवत बसू नकोस, पाठीला ताण पडतो.

(हे मी लिहितेय, तिची वहिनी. पिशवी हवी असेल तर स्वतः घ्यायला ये. तारा जोडायच्या असतील तर मी अडवणार नाही, पण आधी एक पाळी माझ्याशेजारी हात वर करून उभा राहा. तुझ्या हाताचं एक बोट कमी आहे, तरी तुझं मत पूर्ण धरतात. मी अध्यक्षांना विचारून घेतलंय.)